क्लासिक ५०० बंद झाली, ३५० मात्र चालूच. असं का? आणि आता जुनी घ्यावी का?

किकमार

नमस्कार मंडळी. रॉयल एनफिल्डची २०१७ची क्लासिक ५०० नजरेत आहे. पहिलाच मालक, ३१ हजार किमी, नागपूर पासिंग. गाडी दिसायला स्वच्छ आहे. मालक म्हणतो, "सेल्फ कधीमधी नुसता घरघरतो, बॅटरी बदलली की झालं."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढी नावाजलेली ५०० कंपनीने २०२०मध्ये बंद केली, पण ३५० चालू ठेवली, ती का? आणि बंद झालेलं मॉडेल घेताना नेमकं काय तपासायचं? "पार्ट मिळणार नाहीत" असं सगळेच म्हणतात, पण कुठले मिळणार नाहीत ते कोणी सांगत नाही.

एकसिलेंडर

३५० चालू राहिली म्हणजे नाव चालू राहिलं, इंजिन नव्हे. २०२०च्या सुरुवातीला ३४६ सीसीच्या यूसीई इंजिनाला (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत) इंजेक्शन लावून बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या सरकारी मर्यादेत बसणारं, केलं खरं, पण क्लासिकमधून ते सप्टेंबर २०२१ला गेलं आणि बुलेटमधून सप्टेंबर २०२३ला. आता शोरूममध्ये आहे ते जे-सीरिज, ३४९ सीसी. आकडा जवळजवळ तोच वाटतो, पण जुन्याचा बोअर-स्ट्रोक (सिलेंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल) ७० बाय ९० मिमी आणि नव्याचा ७२ बाय ८५.८. पिस्टनची एक रिंगसुद्धा इकडची तिकडे लागत नाही. म्हणजे ५०० गेली आणि ३५० राहिली असं नाही, ५०० दीड ते साडेतीन वर्षं आधी गेली इतकंच.

बुलेट हे नाव १९३२पासून आहे. त्या नावाखाली इंजिनं येत-जात राहिली. बिडाच्या सिलेंडरचं, गिअरबॉक्स वेगळा असलेलं, ॲमीटरचा काटा बघून किक मारायचं इंजिन २०१०च्या आसपास थांबलं. त्या वर्षी दुचाकींना बीएस-३ लागू झालं. बीड ॲल्युमिनियमइतक्या चटकन उष्णता सोडत नाही, म्हणून पिस्टन आणि सिलेंडरमधली फट ढिली ठेवावी लागते आणि त्या फटीतून ऑइल वर चढतं. त्यात पॉइंट झिजले की टायमिंग सरकतं. सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवशी गाडी पीयूसीत पास होईल, पण दहा हजार किमीनंतरही कारखान्यातल्या आकड्यांत राहील याची हमी कोण देणार? नियमांना तीच हमी हवी असते.

आता ५००. बीएस-४मध्ये दुचाकीला किमीमागे नायट्रोजन ऑक्साइड ०.३९ ग्रॅमपर्यंत चालत होते. बीएस-६मध्ये ही मर्यादा ०.०६ झाली. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १.० वर आली, आणि हायड्रोकार्बनला ०.१ ची वेगळी मर्यादा लागली. ५००चा बोअर ८४ मिमी, दोनच व्हॉल्व्ह, एकच प्लग, आणि थंड करायला फक्त वारा. एवढ्या रुंद सिलेंडरमध्ये ज्योत कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो. वरच्या रिंगच्या वर, पिस्टनच्या कडेला जी बारीक फट असते तिच्यातलं मिश्रण न जळताच बाहेर जातं, आणि बोअर वाढला की ही फटही वाढते.

त्याहून मोठी अडचण मिश्रणाची. हवेवर थंड होणाऱ्या मोठ्या सिंगलला भार पडला की पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, कारण त्या जादा पेट्रोलची वाफ होताना ते हेडमधली उष्णता ओढून घेतं. पण थ्री-वे कॅटॅलिस्ट (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा भाग) नीट काम करतो तो एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असेल तरच. त्यापेक्षा पेट्रोल वाढवलं की मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन वर, कमी केलं की हेड तापतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वर. ७० मिमी बोअरच्या ३५०ला या दोहोंच्या मध्ये जागा सापडली. तीही फुकट नाही, ताकद १९.८ वरून १९.१ बीएचपीवर आली. ५००ला ती जागा फारच अरुंद होती.

टाकीफुल्ल

एवढं शास्त्र कशाला राव? नोव्हेंबर २०१८ला याच कंपनीची ६५० आली आणि ५०० तिच्या वाटेत उभी होती. बीएस-६ हे निमित्त. मनात असतं तर त्यांनी ५०० बीएस-६ करून दाखवली असती.

साचेकाम

टाकीफुल्ल, अर्धं बरोबर आहे तुमचं. करता आली असती, पण करून परवडली नसती. ५०० ची ताकद २७.२ बीएचपी, ६५० ची ४७. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) लागल्यावर ५०० दोन लाखांच्या पुढे गेली होती आणि ६५०मधली इंटरसेप्टर अडीच लाखांच्या आसपास होती. ५००वर बीएस-६चा खर्च चढवला असता तर दोघींच्या किमतीत घेणाऱ्याने थबकावं एवढं अंतरच उरलं नसतं.

मॉडेल कसं मरतं हे या खर्चाच्या बाजूने पाहिलं की लवकर कळतं. नवा नियम आला की जुन्या इंजिनासाठी एवढं सगळं करावं लागतं: ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, मॅपिंग नव्याने, कॅटॅलिस्ट नवा, ऑक्सिजन सेन्सरची जागा ठरवून सायलेन्सरचा बेंड नवा, टाकीतल्या वाफेसाठी कॅनिस्टर, मग टिकाऊपणाची लांब चाचणी, आणि शेवटी नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता. शिवाय उत्पादनातून अधूनमधून उचललेली गाडी पुन्हा तपासली जाते ती वेगळीच. हा खर्च वर्षाला पाच हजार गाड्या विका की पाच लाख, जवळपास तेवढाच. भागाकार खपाने करायचा. स्प्लेंडर १९९४ची, ५० बाय ४९.५ मिमीचं ९७.२ सीसी इंजिन तर त्याच्याही आधीच्या सीडी १००चं. तिला २०२०ला इंजेक्शन मिळालं, कारण तो खर्च एका गाडीमागे वाटला की नगण्य होतो.

साच्यांचा मुद्दा कोणी बोलत नाही. क्रँककेस आणि हेड ओतायचे साचे ठरावीक ओतांनंतर झिजतात. कडा बोथट होतात, जोडाच्या रेषेवर बर (धातूची जादा कड) निघू लागते, मशीनिंगला जास्त माल घासावा लागतो. एक दिवस पुरवठादार कळवतो की आता साचा नवा करावा लागेल. त्याच सुमारास नवा नियम तोंडावर असेल तर फाइल तिथेच मिटते. आपण मात्र नियमाने मारलं म्हणतो.

आणि नियमाशिवायही गाड्या बंद होतात. पल्सर २२०एफ घ्या. २५० आल्यावर २०२२मध्ये तिचं उत्पादन थांबलं, २०२३च्या सुरुवातीला ती परत आली. इंजिन तेच, नियमही काही सैल झाले नव्हते. मागणी उरली होती आणि साचे शाबूत होते.

याच्या उलटं उदाहरण यामाहा एसआर४००चं. जपानमध्ये १९७८पासून, किकशिवाय चालू होत नाही अशी ३९९ सीसी एअरकूल्ड सिंगल. २००८ला उत्सर्जनामुळे थांबली, इंजेक्शन घेऊन परत आली. २०१७ला पुन्हा थांबली, २०१८ला वाफेचा कॅनिस्टर लावून आली. २०२१ला मात्र कायमची गेली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिथे चालू मॉडेललाही एबीएस सक्तीचं होतं, आणि हिच्या मागच्या चाकाला तर ड्रम. पुढच्या वर्षी आणखी कडक उत्सर्जन नियम येणार होते. दोन खर्च एकत्र आले. तिथेच १९९२पासूनची होंडा सीबी४०० सुपर फोर त्या पुढच्या नियमाला २०२२मध्ये गेली, आणि ती तर पाण्यावर थंड होणारी चार सिलेंडरची होती. तेव्हा एअरकूल्ड होती म्हणून गेली हेही सगळीकडे लावू नका.

आपल्याकडे ५००च्या बाबतीत असंच झालं. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस, आणि बरोबर एका वर्षाने बीएस-६.

भुंगा

यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १००लाही हाच हिशेब का? तिला तर खप होता.

साचेकाम

तिथे खपाने काही वाचलं नसतं. नोव्हेंबर १९८५ ते मार्च १९९६, आणि १९९६च्याच एप्रिलमध्ये दुचाकींचे नवे नियम आले, हा योगायोग नाही. १९९१च्या नियमात हायड्रोकार्बन किमीमागे ८ ते १२ ग्रॅम चालत होते. १९९६ला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६, २०००ला २.०, २००५ला १.५. टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर ढकलायचं काम ताजं मिश्रण करतं आणि त्या भरात त्यातलं काही एक्झॉस्ट पोर्टातून न जळता निसटतं. हा बिघाड नव्हे, बांधणीच तशी. ५० बाय ५० मिमीच्या ९८ सीसीमधून ११ बीएचपी काढायचे तर पोर्ट मोठे आणि उंच ठेवावे लागतात. ते लहान केले की धूर कमी, पण मग ती आरएक्स राहत नाही. १३५ सीसीच्या भावंडाने २००५पर्यंत दम काढला.

पाना_१०_१२

किकमार, आता तुमच्या गाडीकडे येतो.

आधी भाग. क्लासिक ५००चे पत्रे, फोर्क, चाकं, केबली, लिव्हर, दिवे यांतलं बरंचसं त्याच वर्षांच्या क्लासिक ३५०शी जुळतं, आणि ३५० रस्त्यावर लाखोंनी आहेत. तिथे काळजी नको. बेअरिंग आणि ऑइल सील कंपनीच्या डब्यातलेच हवेत असं नाही. त्यांच्या तोंडावर नंबर आणि माप कोरलेलं असतं, ते दाखवून बेअरिंगच्या दुकानात मिळतात. अडचण येईल ती फक्त ५००ला असलेल्या भागांची: पिस्टन, बॅरल, हेड, थ्रॉटल बॉडी, ईसीयू, इंजेक्टर, टाकीतला पंप. यातला पंप आणि ऑक्सिजन सेन्सर आधीच घेऊन ठेवले तरी चालेल. ईसीयू सहसा जात नाही, पण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी धुणाऱ्यांच्या हातून जातो.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. हेडला हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीय, उद्या येतो सांगून परत फिरा. थंड इंजिन चालू केल्यावर टॅपेटचा टिकटिक आवाज थोडा वेळ आला तर हरकत नाही, कारण टॅपेट हायड्रॉलिक आहेत आणि त्यांच्यात ऑइल भरायला वेळ लागतो. इंजिन गरम झाल्यावरही टिकटिक थांबली नाही तर ऑइल घाण आहे किंवा लिफ्टर अडकलाय. याला सेटिंग नसतं. "टॅपेट टाइट करून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हाती ही गाडी देऊ नका.

चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय का ते बघा. चालू गाडीत लुकलुकत असेल तर लुकलुक मोजा, त्यावरूनच कोड कळतो.

ऑइल १५डब्ल्यू५०, जासो एमए (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणारं), फिल्टरसकट पावणेतीन लिटर. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिघांना एकच ऑइल. कोणी गाडीचं, म्हणजे कारचं ऑइल ओतलं असेल तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या मिश्रणांनी क्लच घसरतो, आणि नुसता क्लचच नाही, पुढे सेल्फबद्दल सांगतो. लेव्हल बघायची ती इंजिन थोडं चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटं थांबून आणि मधल्या स्टँडवर. साइड स्टँडवर काचेत बघून ओतत राहिलेल्या गाड्यांत अर्धा लिटर जास्त सापडतं, मग ते एअरफिल्टरच्या डब्यात जातं. तो डबा उघडून बघाच.

बाकी चेन हातात धरून २५ ते ३० मिमी ढिली आहे का, आरे वाजवून एखादा भदभदतो का, मधल्या स्टँडवर मागचं चाक आडवं हलवून स्विंगआर्मच्या बुशात खेळ आहे का. ही नेहमीचीच तपासणी. २०१७च्या गाडीत एबीएस नाही, आणि ते नंतर बसवता येत नाही. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी म्हणून एचएसआरपी (उच्च सुरक्षेची नंबरप्लेट) लागलेली आहे का बघा. ही १५ वर्षं २०३२ला पूर्ण करेल. पण २०१०-११ची ५०० स्वस्तात मिळते म्हणून उड्या मारणाऱ्यांनी फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आधी किमतीत धरावा.

आता तो सेल्फ. "घरघरतो" हा शब्द मला खटकला. स्प्रॅग क्लच असण्याची शक्यता दाट आहे. हाच ५००चा सगळ्यांना माहीत असलेला कच्चा दुवा.

किकमार

पाना, खूप आभार. स्प्रॅग म्हणजे नेमकं काय, आणि बॅटरी की स्प्रॅग हे गाडी न उघडता कसं ओळखायचं? भाव पाडायचा तर पक्कं माहीत हवं. आणि ई२० पेट्रोलने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) काही होईल का तेही सांगा.

पाना_१०_१२

सेल्फची मोटर आणि क्रँक यांच्यामध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. दोन गोल रिंगांच्या मध्ये धातूचे छोटे तिरके तुकडे असतात, त्यांना गोट्या म्हणू. मोटर फिरली की त्या कलून दोन्ही रिंगांना चिकटतात आणि क्रँक फिरवतात. इंजिन चालू झालं की सुटतात. बॅटरी कमजोर असली की मोटर पिस्टनला वरपर्यंत नेते, पण पलीकडे ढकलू शकत नाही. तेवढ्यात प्लगची ठिणगी पडते आणि ५०० सीसीचा पिस्टन क्रँकला उलटा मारतो. मोटर पुढे रेटतेय, क्रँक मागे येतोय, आणि सगळा मार त्या गोट्यांवर. दोन-चारदा असं झालं की रिंगेवर चरे पडतात आणि मग गोट्या चिकटायच्याऐवजी घसरतात. कारचं ऑइल असेल तर आणखी लवकर. एक्झॉस्टच्या कॅमवरचा ऑटो डीकॉम्प्रेसर (सुरू होताना सिलेंडरमधला दाब कमी करणारा भाग) अडकला असेल तरी सेल्फवर असाच भार येतो.

ओळखायला एक मल्टिमीटर पुरे. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. बटण दाबून धरा आणि आकडा बघत राहा.

आकडा ९.५च्या खाली कोसळला आणि इंजिन जड फिरलं किंवा नुसतं "टक" झालं, तर बॅटरी, तिच्या टर्मिनलवरचा पांढरा गंज, नाहीतर रिले. बॅटरी १४ अँपिअर-अवरचीच लावा. मापात बसते म्हणून लहान लावलेली असते, तेही बघून घ्या.

आकडा ११च्या आसपास टिकून आहे, मोटर मोकळी "घर्रर्र" फिरतेय, पण इंजिन हलतच नाही किंवा एकदा पकडतं आणि दोनदा सोडतं, तर स्प्रॅग. खात्रीसाठी किक मारून बघा. किकने गाडी एका दमात चालू झाली म्हणजे कॉम्प्रेशन, करंट, पेट्रोल तिन्ही ठीक, दोष सेल्फच्या वाटेतच. शेवटी इंजिन चालू ठेवून व्होल्ट बघा. रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ हवेत. त्याखाली असतील तर चार्जिंगच होत नाही, मग नवी बॅटरीही महिनाभरात बसेल आणि स्प्रॅग पुन्हा खाईल.

स्प्रॅग असेल तर ऑइल काढून डावं प्रायमरी कव्हर उघडावं लागतं. नुसत्या गोट्या बदलून भागवू नका. ज्या रिंगेवर त्या चालतात तिच्यावर नख फिरवा. नख अडकलं तर रिंगही बदला, नाहीतर नवा स्प्रॅगही लवकरच घसरायला लागेल. झिजलेल्या धातूचा चुरा ऑइलमध्ये उतरलेला असतो, म्हणून फिल्टर आणि जाळी त्याच वेळी साफ, कव्हरचं गॅस्केट नवं. मालकाशी भाव करताना पार्ट, मजुरी, गॅस्केट, ऑइल आणि फिल्टर एवढं सगळं धरा, एकट्या बॅटरीचे पैसे नाही.

दुरुस्त झाल्यावर सवय एवढीच: सकाळची पहिली सुरुवात किकने. चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग किक किंवा बटण. हॉर्न मिणमिणता वाजत असेल त्या दिवशी सेल्फला हातच लावायचा नाही.

ई२०चं म्हणाल तर २०१७ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंजिन बंद पडणार नाही, ॲव्हरेज थोडं उतरेल. लक्ष रबरावर ठेवा. पंपाच्या तळाची ओ-रिंग आणि इंजेक्टरकडे जाणारी नळी कडक झाली की आधी वास येतो आणि मग ओल दिसते. नळी बदलताना इंजेक्शनच्या दाबाची घ्या. कार्बोरेटरची साधी नळी तिथे फुगून निसटते, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. अर्धी रिकामी टाकी आतून गंजली की तो चुरा थेट पंपाच्या जाळीत जातो, आणि तो पंप तुम्हाला सहज मिळणाऱ्या भागांच्या यादीत नाही.

टाकीफुल्ल

नख फिरवून बघायची युक्ती मस्त. किकमार, मल्टिमीटर घेऊन गेलात की काय आकडे आले ते इथेच टाका.